मेक्सिकन जेवण आणि आपली माणसे

परदेशात मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांना हौसेने मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये नेले जाते. चव ओळखीची वाटते, वातावरण मोकळे असते. पण ताटात नेमके काय आले हे कोणी सांगितले नाही, तर तीच संध्याकाळ मनाला लागून राहते. थोडी माहिती आणि थोडी पूर्वतयारी असेल, तर टेबलावरचा प्रत्येकजण पोटभर जेवून हसतमुखाने घरी येईल.

शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेतील कुठल्याही मध्यम शहरातले मेक्सिकन रेस्टॉरंट. दोन-तीन टेबले जोडून दहा-बाराजण बसलेले असतात. मुलगा, सून, नातवंडे, मुलाच्या मित्राचे कुटुंब आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. वेटर मक्याचे गरम कुरकुरीत तुकडे आणि लाल चटणीच्या वाट्या आणून ठेवतो. मुले त्यावर तुटून पडतात. मोठ्यांच्या गप्पा रंगतात. मेनूकार्ड आजींच्या हातात येते, तेव्हा त्या ते मिटून बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "तुम्ही घ्याल ते मला चालेल."

हे वाक्य वाटते तितके सरळ नसते. त्यात न समजणाऱ्या नावांचा संकोच असतो. डॉलरचे रुपये करून मनात झालेला गुणाकार असतो. आणि सगळ्यांत खाली एक भीती असते. साठ-सत्तर वर्षे पाळलेला नेम आज नकळत मोडणार तर नाही ना? चारचौघांत हे विचारायचे कसे? मुलाला त्याच्या मित्रांसमोर अवघडल्यासारखे झाले तर?

म्हणूनच मेक्सिकन जेवणाला जाण्याआधी त्या जेवणाची ओळख करून घेणे घरातील सर्वांच्याच हिताचे असते.

आपलीच वाटणारी चव

परदेशातील भारतीय कुटुंबे मेक्सिकन रेस्टॉरंटकडे वळतात याला कारण आहे. भात, उसळीसारखे शिजवलेले घेवडे, पोळीसारखी तोर्तिया, कोथिंबीर, लिंबू, कांदा आणि मिरची हे सारे तेथे एकाच ताटात भेटते. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरून, वर लिंबू पिळून केलेल्या 'पिको दे गायो'ला कोणीही मराठी गृहिणी कोशिंबीरच म्हणेल. 'ग्वाकामोले' म्हणजे अॅव्होकॅडोचा गर कुस्करून केलेली चटणी. मक्याचे पीठ मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेले 'तमाले' पाहिले की कोकणातल्या माणसाला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवतात.

स्वयंपाकघरातील साधनेही आपल्या ओळखीची आहेत. दाणा वाटण्यासाठी मेक्सिकोत दगडी 'मेताते' वापरतात. तो आपला पाटा-वरवंटाच. तोर्तिया भाजण्याचा 'कोमाल' म्हणजे तवा. मक्याची तोर्तिया ही ज्वारीच्या भाकरीची चुलत बहीण म्हणावी अशी. दोन्हींत चिकटपणा आणणारे ग्लुटेन नसते, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्यांना दोन्ही चालतात.

मात्र तोर्तियाच्या पिठामागे एक खास कौशल्य आहे. मेक्सिकोत मका थेट दळत नाहीत. तो आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरू देतात, मग धुऊन वाटतात. त्यामुळे दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात अडकून राहिलेले 'ब' गटातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला तेव्हा ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी जेथे गरीब जनता केवळ मक्यावर जगू लागली, तेथे पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला. इटलीच्या उत्तर भागात आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने मोठा उच्छाद मांडला. मेक्सिकोतील आज्या-पणज्यांनी शेकडो वर्षे सांभाळलेल्या त्या कृतीचे मोल तेव्हा जगाला कळले. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

उपवासाचे ताट आणि मेक्सिको

आजींना हे जेवण परके वाटत असेल, तर त्यांना त्यांच्याच उपवासाच्या ताटाची आठवण करून द्यावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातील पिके. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी व्यापाऱ्यांमार्फत सोळाव्या शतकापासून ती आपल्याकडे येत गेली. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीतले तूप आणि जिरे सोडले, तर जवळजवळ सगळेच त्या खंडातून आलेले आहे.

राजगिऱ्याची गोष्ट तर याहून सुंदर आहे. मेक्सिकोतील प्राचीन अॅझटेक लोक राजगिऱ्याला पवित्र धान्य मानत. धार्मिक विधींसाठी त्याच्या पिठाच्या मूर्ती करीत. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी या प्रथेला विरोध केला, तरी राजगिरा टिकून राहिला. आजही मेक्सिकोत फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळाच्या पाकात घालून वड्या करतात. त्या वडीचे नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ती ठेवली तर कोणती कुठली हे सांगणे कठीण जाईल.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. चिंच आणि आंबा आपल्या बाजूने तिकडे गेले. फिलिपिन्समधील मनिला आणि मेक्सिकोतील अकापुल्को यांच्या दरम्यान १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते ये-जा करीत. मेक्सिकोतील एका लोकप्रिय आंब्याला आजही 'मनिला' म्हणतात. चिंचेचे गोड-आंबट सरबत तेथील रेस्टॉरंटमध्ये हमखास मिळते. लाल अंबाडीच्या बोंडांपासून केलेले 'हमायका' आणि तांदूळ-दालचिनीचे 'ओर्चाता' ही पेयेही वयस्कर पाहुण्यांना आवडण्याजोगी आहेत. त्यांत मद्य नसते. 'मार्गारिता'त मात्र तकिला हे मद्य असते. तिचा बिनमद्याचा प्रकार हवा असेल तर तसे आधीच सांगावे.

शाकाहारी दिसते, पण असते का?

आता खऱ्या काळजीचा विषय. मेक्सिकन ताटातील सर्वांत निरुपद्रवी दिसणारे दोन पदार्थ म्हणजे घोटलेले घेवडे आणि लालसर भात. शाकाहारी माणूस डोळे मिटून हेच दोन मागवतो, आणि नेमके येथेच तो फसतो.

घोटलेल्या घेवड्यांना, म्हणजे 'रेफ्रीतोस'ना, पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीची फोडणी असते. या चरबीला स्पॅनिशमध्ये 'मांतेका' म्हणतात. भात अनेकदा साध्या पाण्यात न शिजवता कोंबडी उकळलेल्या पाण्यात शिजवतात. तमालेचे पीठही चरबी घालून फेसतात. गव्हाच्या तोर्तियातही चरबी असू शकते. मक्याच्या तोर्तियात सहसा मका, चुना आणि पाणी एवढेच असते, म्हणून शाकाहाऱ्यांसाठी ती अधिक सुरक्षित. मिरच्या, मसाले, सुकामेवा आणि कधी चॉकलेट घालून केलेल्या 'मोले' या दाट रश्शातही बहुधा कोंबडीचे पाणी असते. 'चिले रेयेनो' म्हणजे चीज भरलेली मोठी मिरची. ती आपल्या भरल्या मिरचीसारखी वाटली, तरी तिच्यावरचे आवरण फेसलेल्या अंड्याचे असते. 'फ्लान' हे शेवटचे गोडही अंड्याचे.

अर्थात सगळीकडे असेच असते असे नाही. हल्ली कितीतरी रेस्टॉरंटमध्ये घेवडे वनस्पती तेलात करतात आणि मेनूकार्डावर शाकाहारी पदार्थांसमोर खूण असते. पण एका जागी जे चालले ते दुसऱ्या जागी चालेलच, असे गृहीत धरू नये. प्रत्येक ठिकाणी विचारावे.

विचारण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या बटाट्याच्या तळलेल्या काड्यांत गोमांसापासून केलेला स्वाद वापरला जात असल्याचे २००१ साली गाजले. हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २००२ साली कंपनीने १ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. आपण काय खातो हे जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हे या प्रकरणाने अनेकांना दाखवून दिले.

विचारताना मात्र शब्द नेमके हवेत. "आम्ही शाकाहारी आहोत" एवढे सांगून काम भागत नाही. 'कार्ने' म्हणजे मांस, पण बोलण्यात पुष्कळदा त्याचा अर्थ गोमांस किंवा डुकराचे मांस एवढाच घेतला जातो. मग 'कार्ने नको' म्हटल्यावर कोंबडीचा तुकडा ताटात आला तर वेटरचा दोष नसतो. म्हणून मांस, कोंबडी, मासे यांची नावे घेऊन सांगावे. चरबी आणि भाताचे पाणी यांविषयी वेगळे विचारावे.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांची अडचण अधिक मोठी. बहुतेक चटण्यांत आणि भातात कांदा असतोच. अशा पाहुण्यांसाठी मक्याची तोर्तिया, नुसता चिरलेला अॅव्होकॅडो, चीज आणि ताजी फळे एवढाच बेत होऊ शकतो. त्यांना घरूनच थोडे खाऊन निघू द्यावे, हे उत्तम.

सीमेच्या दोन बाजू

अमेरिकेत ज्याला मेक्सिकन म्हणतात, त्यातले बरेचसे जेवण टेक्सासच्या सीमेवर घडलेले आहे. पिवळे चीज, भरपूर जिरे, गव्हाची तोर्तिया, तव्यावर चुरचुरत येणारे 'फाहितास' ही त्या भागाची देणगी. 'नाचोस'चा जन्म १९४३ साली सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात झाला. अमेरिकेतून आलेल्या काही महिला पाहुण्यांना खायला देण्यासारखे दुसरे काही नव्हते, तेव्हा इग्नासिओ अनाया यांनी तळलेल्या तोर्तियाच्या तुकड्यांवर चीज आणि हालापेन्यो मिरची घालून पुढे केली, असे सांगितले जाते. 'नाचो' हे इग्नासिओचे लाडके नाव. अवचित आलेल्या पाहुण्यांसाठी घरात असेल त्यातून काहीतरी करून वाढणे आपल्या गृहिणींना नवे नाही.

तिखटाची पैज नको

"आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला काय तिखट लागणार?" असे म्हणत चटणीचा चमचा तोंडात घालणारे एखादे काका प्रत्येक टेबलावर असतात. त्यांना आवरावे. मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिल या मापाने मोजतात. नेहमीची हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० भरते, तर नारिंगी रंगाची नाजूक दिसणारी हाबानेरो १ लाख ते साडेतीन लाखांपर्यंत जाते. दिसण्यावरून तिचा अंदाज येत नाही.

तोंड पोळलेच तर पाणी पिऊन उपयोग होत नाही. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. दूध, आंबट साय किंवा अॅव्होकॅडोने आग लवकर शमते. पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी चटणी वेगळ्या वाटीतच मागवावी.

भाकरी वाटणारा मराठी माणूस

मेक्सिको आणि भारत यांचे नाते केवळ चवीपुरते नाही. १९१७च्या कायद्याने अमेरिकेने आशियातून येणाऱ्यांना दार बंद केले. कॅलिफोर्नियात शेतीवर राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना गावाकडून पत्नी आणता येईना. त्यांच्यापैकी शेकडोंनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. त्या घरांत तोर्तिया आणि रोटी एकाच तव्यावर भाजल्या गेल्या. अशाच एका दांपत्याने १९५४ साली युबा सिटीत 'रसूल्स एल रांचेरो' हे रेस्टॉरंट काढले. तेथील रोटीत चीज भरून केलेला 'रोटी केसादिया' प्रसिद्ध होता. १९९३मध्ये ते बंद झाले.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी कथा आहे डॉ. पांडुरंग खानखोजे यांची. १८८४ साली विदर्भात जन्मलेले हे क्रांतिकारक गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. ब्रिटिशांनी मायदेशाचे दार बंद केल्यावर १९२४च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवल्या. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची भाकर' या अर्थाचे चित्र रंगवले. त्यात टेबलाभोवती जमलेल्या कष्टकऱ्यांना भाकर मोडून देणारा जो माणूस आहे, त्याला खानखोजे यांचा चेहरा आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. पुढच्या वेळी मक्याची तोर्तिया समोर आली, की नातवंडांना हे नाव जरूर सांगावे.

बिल कोणी द्यायचे?

जेवण संपले की खरी झटापट सुरू होते. आपल्याकडे बिलासाठी भांडणे हा प्रेमाचा भाग असतो. अमेरिकेत मात्र मित्रमंडळी आपापले बिल वेगळे मागतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. कोण यजमान आणि कोण पाहुणा, हे जेवणाआधीच ठरवून टाकावे. वेगळी बिले हवी असतील तर पदार्थ मागवतानाच सांगावे.

मेनूकार्डावरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो वर लागतो. शिवाय टीप. बिलाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी टीप पाहून आजोबा हबकतात. "एवढ्यात आपल्याकडे चौघे जेवतील," असे त्यांच्या तोंडून निघते. त्यांना त्यामागचे कारण सांगावे. टीप मिळणाऱ्या नोकरांना मालकाने द्यावयाची किमान मजुरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १९९१पासून तासाला अवघी २.१३ डॉलर आहे. टीप धरून ती ७.२५ डॉलरपर्यंत गेली नाही, तर उरलेले मालकाने भरायचे असतात. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावे लागते, पण पुष्कळ राज्यांत वेटरचे घर टिपेवरच चालते. १२० डॉलरच्या जेवणावर १८ टक्के म्हणजे २१ डॉलर ६० सेंट होतात. हे समजले की आजोबांचाही हात आखडत नाही. मोठा गट असेल तर ही रक्कम पुष्कळदा बिलातच लावलेली असते. दोनदा दिली जाऊ नये म्हणून बिल नीट वाचावे.

ताटे मोठी असतात. दोन वयस्कर माणसांना एक ताट पुरते. उरलेले अन्न डब्यात भरून मागण्यात तेथे कोणी लाज बाळगत नाही.

आईऐवजी नव्हे, आईला विचारून

मुलांकडून होणारी एक चूक टाळण्यासारखी आहे. घाईत ती आईसाठी परस्पर काहीतरी मागवून मोकळी होतात. त्यापेक्षा घरून निघण्यापूर्वी रेस्टॉरंटचे मेनूकार्ड काढून तिच्यासोबत वाचावे. फोन करून घेवड्यांचे आणि भाताचे विचारून घ्यावे. मग टेबलावर तिला स्वतःचे ताट स्वतः सांगता येते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या नातवंडांना दुभाष्याचे काम द्यावे. त्यांनाही मोठे झाल्यासारखे वाटते.

नकळत काही पोटात गेलेच, तर त्यावर हसू नये किंवा "त्यात काय एवढे?" असेही म्हणू नये. आपल्याला ते क्षुल्लक वाटत असेल, पण आईचा नेम तिचा असतो. शांतपणे माफी मागावी आणि पुढचा पदार्थ विचारून मागवावा. आई-वडिलांनीही मनातली शंका दाबून ठेवू नये. "मला चालेल" म्हणून उपाशी घरी येण्यापेक्षा "हे कशात शिजवले आहे, विचार बरे" असे म्हणणे केव्हाही चांगले. मुलांनी आपल्याला हौसेने आणले आहे. आपण पोटभर जेवलो तरच त्यांची हौस फिटते.

निघण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

• 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो' – मी मांस, कोंबडी, मासे खात नाही.

• 'सिन मांतेका' – चरबीशिवाय. 'काल्दो दे पोयो' – कोंबडीचे पाणी. 'वेवो' – अंडे.

• 'कार्ने असादा' हे भाजलेले गोमांस, तर 'कार्नितास' आणि 'अल पास्तोर' ही बहुधा डुकराच्या मांसाची. ज्यांना जे वर्ज्य आहे त्यांनी ही नावे ओळखून ठेवावीत.

• चीज घट्ट करण्यासाठी कधी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. कडक नेम असणाऱ्यांनी चीज टाळावे किंवा चौकशी करावी.

• वाढदिवस असल्याचे कळले तर काही ठिकाणी नोकर मोठी टोपी घालून टाळ्यांच्या गजरात गाणे म्हणतात. आजोबांना ते आवडेल का, हे आधी विचारावे.

• सुरुवातीचे मक्याचे तुकडे बऱ्याच ठिकाणी फुकट आणि पुनःपुन्हा मिळतात. त्यावरच पोट भरू देऊ नये, मुलांचे तर मुळीच नाही.